सांगलीत करून घेतलेलं चारकोलचं मोठं ड्रॉइंग: चित्र एक नंबर, फ्रेमचं मात्र बघून करा

विश्रामबागेतल्या एका आर्टिस्टकडून खिल्लार बैलाचं ४ फूट बाय ३ फुटाचं चारकोल ड्रॉइंग करून घेतलं, ते हायपररिअलिस्टिक, म्हणजे फोटोइतकं हुबेहूब म्हणतात तसलं. नाव इथं टाकत नाही, त्यांनीच नको म्हटलंय, एकटे काम करतात आणि ऑर्डरी आधीच तुंबल्यात. चित्राचे ३२ हजार, फ्रेमचे वेगळे. दिवाळी झाल्यावर सांगितलेलं, हातात पडलं तोवर गुढीपाडवा आला, तेव्हा वास्तुशांतीची तारीख धरून ऑर्डर देणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्या.

फोटो खरसुंडीच्या जत्रेतला, भावानं काढलेला. आर्टिस्ट सरांनी पहिलीच अट घातली की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो चालणार नाही, कॅमेऱ्यातली ओरिजिनल फाईल पाहिजे, कारण एवढ्या साईजला बैलाचा डोळा तळहाताएवढा होतो आणि फोटोत डिटेलच नसेल तर ते मनानं भरावं लागतं, मग कसलं हायपररिअल. दुसरं म्हणजे भिंतीचा फोटो मागवला, खिडकी कुठल्या बाजूला ते विचारलं. हे मला लई आवडलं.

मधे एकदा काम बघायला गेलो होतो. फोटोवर चौकोन आखून तेच चौकोन कागदावर मोठे करून घेतात, आणि वरून डावीकडनं सुरू करतात म्हणजे हात घासून खालचं पुसत नाही. साधी फुल शीट २२ बाय ३० इंचाची असते, त्यात हे बसत नाही, म्हणून रोलचा अ‍ॅसिड फ्री कागद. कोळसा तसा कधी फिका पडत नाही, पण स्वस्तातला कागद पिवळा पडतो, तेव्हा कागदाला कंजुषी करू नका. आता गंमत अशी की बैल पांढरा आणि हातात नुसता कोळसा! पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. आधी विलोच्या काडीच्या मऊ चारकोलचा हलका थर, तो ब्रशनं पसरायचा, मग कणकेसारखं मळता येणारं खोडरबर असतं त्यानं दाबून उजेड काढायचा आणि अंगावरचे केस बॅटरीवरच्या बारीक खोडरबरानं एकेक ओढायचे. गडद काळं, म्हणजे शिंगाची टोकं, नाकपुडी, तिथं कॉम्प्रेस्ड, म्हणजे दाबून घट्ट केलेला चारकोल, आणि तो सहजासहजी पुसला जात नाही म्हणून अगदी शेवटी. वेसणीचा पीळ बघून वडील म्हणाले, ही सुती नाही, नायलॉनची हाय. बरोबर ओळखलं की! बैलाच्या डोळ्यात जत्रेतली गर्दी आणि मोबाईल धरलेला भाऊपण दिसतोय.

शेजारचे काका म्हणाले, एवढ्या पैशात फोटोच मोठा करून लावायचा होता. काका, जवळ जाऊन बघा, प्रिंट नाकाजवळ आलं की फुटतं, इथं उलट कोळशाचा दाणा आणि हाताची रेघ दिसायला लागते. पेन्सिलीपेक्षा चारकोल का, तर पेन्सिलीचं काळं लाईट पडला की चमकतं, चारकोलचं मखमलीसारखं गप्प राहतं. मोठ्या चित्रात हा फरक फार जाणवतो.

आता फ्रेम. आमच्या फ्रेमवाल्यानं वजन कमी होईल म्हणून काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट सुचवली, वर माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, न लावता शीट थेट कागदावर टेकवून दिली. अ‍ॅक्रिलिकला स्टॅटिक असतं, ते कोळशाची पूड ओढून घेतं, फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड कागदाला धरून ठेवणारा स्प्रे, मारलेला असला तरी. आठवडाभरात आतल्या बाजूला करडी धूळ दिसायला लागली, सरांनी बघितल्या बघितल्या उघडायला लावली. आता काच आहे, माउंटमुळं मधे गॅप आहे, मागं चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवलेत म्हणजे भिंतीची ओल थेट लागत नाही. सरांचा एक स्टार मी इथंच कापतो, एवढं बारकाईनं काम करणाऱ्या माणसानं फ्रेमचं दोन ओळीत लिहून द्यायला पाहिजे होतं.

साईज ठरवताना भिंतीपेक्षा समोरची मोकळी जागा बघा. औंधच्या श्री भवानी म्युझियममधे रविवर्म्याची चित्रं बघताना आपण आपोआप मागे सरकतो, तेवढं मागे सरकायला घरात जागा पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीत ४ फुटाचा बैल अंगावर येतो. आईचं म्हणणं होतं की हॉलमधे काळं चित्र नको, अशुभ असतं, मग बाकी भिंती ऑफ व्हाईट ठेवल्या आणि आता तीच पाहुण्यांना आधी बैल दाखवते. खिडकीच्या बरोब्बर समोर लावू नका, दिवसभर काचेत स्वतःचंच तोंड दिसेल. २०१९ च्या पुरात भिजलेल्या भिंती अजून पावसाळ्यात ओल धरतात, तसली भिंत असेल तर विषयच सोडा. आणि काचेवर स्प्रे मारू नका, कडेनं पाणी आत जातं, फडक्यावर घेऊन पुसा.

डिलिव्हरी ते स्वतःच्या गाडीतून देतात, साताऱ्यापर्यंत जातात, कुरियरला साफ नकार. पुण्याच्या पावण्यांनी स्वतः न्यायला यायचं.