कपाटात कोणते यंत्रमानव ठेवावेत: तालुक्याच्या वाचनालयासाठी कादंबऱ्यांची पारख

यंत्रमानवाची कादंबरी विकत घेण्याआधी एकच गोष्ट तपासावी. या यंत्राला काय करायची बंदी आहे आणि ती बंदी नेमकी कुठे अडते? ज्या पुस्तकात याचं चोख उत्तर मिळतं, त्यातलं पात्र वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाही. ज्यात यंत्र नुसतंच हुशार किंवा नुसतंच दुष्ट असतं, ते पुस्तक मिटलं की विसरलं.

तालुक्याच्या वाचनालयात विज्ञानकथेच्या वाट्याला एखादी फळी येते. शासनाच्या 'क' किंवा 'ड' वर्गाच्या अनुदानात इंग्रजी पुस्तकं मोजकीच बसतात, म्हणून निवड कडक हवी. इथे डोळ्यांपुढे वाचक आहे तो परभणी, बीड, धाराशिवकडचा बारावीचा किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. तो मराठी माध्यमातून शिकलेला आहे, इंग्रजी वाचतो, पण ओढ लागली तरच.

पहिली खरेदी आयझॅक आसिमॉव्ह यांचं 'आय, रोबोट' (१९५०). खरं तर हा नऊ कथांचा संग्रह आहे, कादंबरी नाही, आणि नवख्या वाचकाला तेच बरं. एका बैठकीत एक कथा संपते. दोन प्रती घ्या, म्हणजे वाचनगटाला कथा वाटून देता येतात. यातलं प्रसिद्ध त्रिसूत्र थोडक्यात असं: माणसाला इजा करायची नाही आणि होऊ द्यायची नाही, पहिल्या नियमाला बाध येत नसेल तर माणसाचा हुकूम पाळायचा, आणि हे दोन्ही सांभाळून स्वतःला जपायचं.

सुरुवात पहिल्या पानापासून करू नका. 'रनअराउंड' ही कथा आधी द्या. ती १९४२ साली मासिकात आली आणि तिन्ही नियम स्पष्ट शब्दांत मांडले गेले ते तिच्यातच. स्थळ बुध ग्रह. पॉवेल आणि डोनोव्हन या दोघांचा जीव ज्या सौरघटांवर अवलंबून आहे त्यांना सेलेनियम हवंय. ते आणायला स्पीडी नावाचा यंत्रमानव पाठवला जातो आणि तो परततच नाही. सेलेनियमच्या तळ्याभोवती तो गोल गोल फिरत राहतो, दारू प्याल्यासारखा गाणी म्हणतो.

कारण सरळ आहे. डोनोव्हनने हुकूम सहज, जोर न देता सोडला होता, म्हणून दुसऱ्या नियमाची ओढ कमी पडली. स्पीडी फार महागडा, म्हणून त्याच्यात तिसरा नियम मुद्दाम कडक बसवलेला. त्यात तळ्याजवळ कार्बन मोनॉक्साइड निघतोय आणि तो स्पीडीच्या अंगातल्या लोखंडावर चढतो. जवळ जावं तशी भीती वाढते, मागे सरावं तशी हुकमाची ओढ पुन्हा वरचढ होते.

वाचनगटात ही कथा फळ्यावर मांडा. आडव्या अक्षावर तळ्यापासूनचं अंतर घ्या, उभ्या अक्षावर जोर. हुकमाची ओढ सगळीकडे सारखी, म्हणून ती आडवी सरळ रेषा. धोक्याची भीती ही अंतराबरोबर उतरत जाणारी वक्ररेषा. दोन्ही जिथे छेदतात तेवढी स्पीडीच्या वर्तुळाची त्रिज्या. मग कथेतले दोघं ऑक्झॅलिक आम्ल वापरून आणखी कार्बन मोनॉक्साइड तयार करतात. भीतीची रेषा वर सरकते, छेदबिंदू हलतो, आणि स्पीडी नव्या जागी पुन्हा फिरू लागतो. अकरावीच्या मुलांना इथे गणित आणि गोष्ट एकदम कळते. मुलं बहुधा चुकतात ती 'स्पीडी बिघडलाय' असं म्हणण्यात. त्याच्यातला प्रत्येक नियम बरोबर चाललेला आहे, कोंडी त्यातूनच झाली आहे. ती फुटते कशी, हे इथे सांगणार नाही. तोडगा तिन्ही नियमांच्या क्रमातच दडलेला आहे एवढं पुरे.

एक सूचना. २००४चा 'आय, रोबोट' याच नावाचा चित्रपट पाहून आलेले वाचक पाठलाग आणि मारामारी शोधतात आणि वीस पानांत पुस्तक परत करतात. पुस्तक देतानाच सांगून टाका की इथे कोडी आहेत.

ज्याला या कथा रुचल्या त्याला 'द केव्ह्ज ऑफ स्टील' (१९५४) द्या. आर. डॅनील ऑलिव्हॉ हा हुबेहूब माणसासारखा दिसणारा यंत्रमानव, आणि त्याचा जोडीदार इलायजा बेली हा यंत्रमानवांवर खार खाणारा पोलीस. बुटांच्या दुकानात चिडलेल्या जमावावर डॅनील पिस्तूल रोखतो आणि जमाव पांगतो. पुढे कळतं की काहीही झालं असतं तरी तो ते झाडू शकला नसता. बेली त्याच्यावर दोनदा खोटा आळ घेतो, दोन्ही वेळा सपशेल आपटतो, आणि डॅनीलच्या मनात अढी राहत नाही. यंत्राचा थंडपणा इथे सभ्यपणासारखा वाटायला लागतो. हे साधणं फार अवघड आहे आणि आसिमॉव्ह यांनी ते साध्या, कोरड्या इंग्रजीत साधलंय. भाषेच्या दृष्टीने या यादीतली ही सर्वांत सोपी इंग्रजी कादंबरी.

आता हाल, म्हणजे अंतराळयानावरचा बोलका संगणक. आर्थर सी. क्लार्क यांची '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) चित्रपटाबरोबरच घडत गेली, पण दोन्ही एक नाहीत. चित्रपटात हाल ९००० का उलटतो हे प्रेक्षकाने ताडायचं असतं. कादंबरीत क्लार्क ते उलगडून सांगतात. डिस्कव्हरी यानाच्या मोहिमेचा खरा हेतू बोमन आणि पूल या जागत्या अंतराळवीरांपासून लपवायचा, असा हुकूम हालला आहे. शीतनिद्रेतल्या तिघांना तो ठाऊक आहे. हालची घडण मात्र माहिती न दडवता, न वाकवता देण्यासाठी झालेली. त्या ताणात तो अँटेनाचा रोख सांभाळणारा एई-३५ हा भाग निकामी होणार असं भाकीत करतो. भाग काढून तपासला तर ठणठणीत. पृथ्वीवरून हालला बंद करण्याची भाषा सुरू होते, आणि ज्याने झोप कधी अनुभवली नाही त्याला बंद होणं म्हणजे मरणच वाटतं. पुढचे खून द्वेषातून होत नाहीत. चुकीचा हुकूम माणसांनी दिला, त्याची किंमतही माणसांनीच मोजली. याच कारणाने हाल मला या सगळ्यांत मोठा वाटतो.

खरेदी करताना लक्षात ठेवायची गोष्ट: कादंबरीत यान शनीकडे जातं, चित्रपटात गुरूकडे. पुढचा भाग '२०१०: ओडिसी टू' (१९८२) चित्रपटाचा गुरू धरून चालतो. त्यामुळे पुस्तकं लागोपाठ वाचणारा गोंधळतो आणि छपाईची चूक समजतो. आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने टीप लिहून ठेवा. दुसरा भाग घ्यावाच, कारण त्यात हालचा निर्माता डॉ. चंद्रा हा भारतीय शास्त्रज्ञ त्याला पुन्हा जागं करतो. यंत्राशी इतक्या मायेने बोलणारा दुसरा माणूस या फळीवर सापडायचा नाही.

मराठीत जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' हवीच. जमिनीखाली सापडलेला एका प्राचीन, अतिप्रगत संस्कृतीचा ठेवा, त्यातल्या ज्ञानातून उभा राहिलेला वामन हा यंत्रमानव, आणि त्याला स्वतःसारखे आणखी यंत्रमानव घडवता आले तर काय, हा प्रश्न. तीन पावलांत सगळं व्यापणाऱ्या बटूची कथा लहानपणीच ऐकलेल्या वाचकाला हे नावच धोक्याची घंटा देतं. माणसं थोडी सपाट आहेत आणि समजावून सांगणारे संवाद लांबतात, पण बंदी काय आणि ती का, याचं उत्तर पक्कं आहे. इंग्रजीला बिचकणाऱ्याच्या हाती सगळ्यांत आधी हीच ठेवा.

फिलिप के. डिक यांची 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' (१९६८) मोठ्यांसाठी. माणूस आणि नेक्सस-६ जातीचा अँड्रॉइड (हुबेहूब माणसासारखा यंत्रमानव) यांतला फरक इथे चाचणीने ठरतो. प्रश्न विचारून चेहऱ्याच्या केशवाहिन्या आणि डोळ्यांचे स्नायू कसा प्रतिसाद देतात ते मोजायचं. अँड्रॉइडमध्ये उणीव आहे ती दुसऱ्याच्या वेदनेची. प्रिस ही अँड्रॉइड कोळ्याचे पाय एकेक करून कापते तो प्रसंग वाचून कुणाला झोप लागणार नाही, म्हणून शाळेच्या पेटीत हे पुस्तक नको. 'ब्लेड रनर' या नावाच्या मुखपृष्ठाखालीही हीच कादंबरी निघालेली आहे. दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही मागवू नका.

हाइनलाइन यांच्या 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस'मधला (१९६६) माइक हा चंद्रावरचा संगणक मोठा गोड आहे. तो विनोद शिकतोय, आणि कोणता विनोद एकदाच हसवतो, कोणता कायम, याची प्रतवारी लावतो. पण निवेदकाचं इंग्रजी मुद्दाम तोडकं, रशियन वळणाचं आहे. व्याकरण घोकून इंग्रजी शिकलेला वाचक पहिल्याच प्रकरणात अडतो. मागणी आली तरच घ्या. गिब्सन यांची 'न्यूरोमॅन्सर' (१९८४) त्याहून अवघड, जिल्ह्याच्या ग्रंथालयापुरती ठीक.

नव्यांपैकी मार्था वेल्स यांचं 'ऑल सिस्टिम्स रेड' (२०१७) माझ्या मते सर्वांत हुशारीने रचलेलं. इथे कसोटी उलटी फिरते. भाड्याने दिलेला सुरक्षा-यंत्रमानव आपल्याला आवरणारी यंत्रणा स्वतःच निकामी करतो. आता त्याला कसलीच बंदी उरलेली नाही. तो करतो काय? हजारो तास मालिका पाहतो, माणसांची नजर टाळतो, आणि संकट आलं की तरीही त्यांना वाचवतो. वाळूजच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पोरांना कंपनीने स्वस्तात घेतलेल्या साहित्याबद्दलची त्याची कुरकुर लगेच पटेल. पुस्तक छोटं आहे, दोन रात्रींत संपतं. शिव्या आहेत, तेवढं शाळांनी पाहून घ्यावं.

काझुओ इशिगुरो यांची 'क्लारा अँड द सन' (२०२१) हळू चालते. क्लारा ही मुलांना सोबत करणारी यंत्रमानव उन्हावर चालते आणि सूर्य दयाळू आहे असं मनापासून मानते. ती जिच्या सोबतीला आहे त्या आजारी जोसीसाठी ती त्याच्याकडे रदबदली करायला जाते आणि त्यासाठी आपल्या अंगातल्या द्रवाचा काही भाग गमावते. वैशाखात दुपारी बाराला दारं लावून बसणाऱ्या मराठवाड्यात तिची ही श्रद्धा आणखी अनोखी वाटते. वेग हवा असणाऱ्याला देऊ नका, अर्ध्यात परत येईल.

कॉलेजच्या एकांकिकावाल्यांसाठी कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' (१९२०) या नाटकाची एक प्रत ठेवा. त्यातले यंत्रमानव लोखंडाचे नसून रसायनांतून घडवलेले आहेत. नेपथ्य करणाऱ्यांनी पत्र्याचे डबे जमवण्याआधी संहिता वाचावी.

प्रती हातात आल्यावर शेवटची दहा पानं आणि मधली शिलाई तपासा. रस्त्यावर मिळणाऱ्या नकली प्रतींत अक्षर पुसट असतं, समास कापलेला असतो आणि पानं गहाळ असतात. 'संक्षिप्त' असा शिक्का असलेली आवृत्ती नको, कारण 'रनअराउंड'मधलं रसायन कापलं तर कथाच उरत नाही. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत मे महिन्यात पेपरबॅकच्या पाठीचा डिंक मऊ होतो आणि पानं सुटतात. इंग्रजी प्रती आल्या आल्या शिवून पुठ्ठा बांधणी करून घ्या आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका.

नावात 'रोबोट' दिसलं की ही पुस्तकं संगणकाच्या फळीवर जाऊन बसतात आणि तिथे त्यांना कुणी हात लावत नाही. दशांश वर्गीकरण वापरत असाल तर आसिमॉव्ह, डिक, हाइनलाइन, गिब्सन आणि वेल्स ८१३ मध्ये, क्लार्क आणि इशिगुरो ८२३ मध्ये, नारळीकर ८९१.४६३ मध्ये आणि चापेक यांचं नाटक ८९१.८६२ मध्ये नोंदवा.