कमजोर किडनी आणि नवा खुबा : दिवाळीनंतरच्या ऑपरेशनपासून जूनपर्यंत

खुब्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा किडनी कमजोर असलेल्या कुणी मराठीत लिहिलेलं मला काही सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. वय ५४, बडोद्यात दांडिया बाजारजवळ राहतो. उजवा खुबा झिजलेला आणि किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यातला. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी मंदावली की वाढतो) १.८ च्या आगेमागे, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) चाळिशीत.

मला रिसरफेसिंगच हवं होतं. त्यात मांडीच्या हाडाचा गोळा कापत नाहीत, तासून त्यावर धातूची टोपी चढवतात आणि समोर धातूचीच वाटी बसवतात. हाड वाचतं, गोळा मोठा राहतो, म्हणून सांधा निखळायची भीती कमी. रिसरफेसिंगचा बर्मिंगहॅम नावाचा सांधा १९९७ पासून वापरात आहे आणि योग्य निवडलेल्या पुरुषांमध्ये तो छान टिकतो. अडचण आहे ती धातूची. कोबाल्ट-क्रोमियमचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की त्यांचे आयन (विद्युतभारित सूक्ष्म कण) रक्तात उतरतात, आणि ते लघवीवाटे बाहेर काढायचं काम किडनीचं. तीच मंद असेल तर ते साचत जातात. माझ्या नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, त्यामुळे साफ नाही म्हटलं. ऑर्थोपेडिक सर्जननाही ते पटलं, आणि सिरॅमिकचा गोळा व प्लास्टिकचं अस्तर असलेला पूर्ण खुबा ठरला. तेव्हा मन खट्टू झालं होतं. आज त्या दोघांचे आभार मानतो. तुमच्या बाबतीत रिसरफेसिंगचा विषय निघाला तर तारीख घेण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना विचाराच.

खुब्याबद्दल तक्रार नाही. जुनी, रात्रभर जागवणारी कळ पहिल्या आठवड्यातच गेली. आधी वॉकर, मग एल्बो क्रचेस, मग एक काठी. फिजिओथेरपीची मुलगी रोज म्हणायची, "धीमे धीमे, काका," आणि तिचं ऐकण्यात फायदा होता. उंच कमोड सीट ऑपरेशनच्या आधीच घरात आणून ठेवा. वॉकरची रबरी बुचं झिजली की ओल्या लादीवर सटकतात, ती बदलत राहा. माझं ऑपरेशन मागच्या बाजूने झालं, त्यामुळे सुरुवातीला नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकणं, पायावर पाय टाकणं आणि पाऊल आत वळवणं बंद होतं. सगळ्यात अवघड गेलं ते हिंचक्यापासून दूर राहणं. आमच्या घरी संध्याकाळ हिंचक्यावरच जाते. तो खोलगट आणि मागेपुढे होणारा, म्हणून डॉक्टरांनी मनाई केलेली. मी समोर उंच खुर्चीत.

खरी कसोटी औषधांची. हाडांच्या वॉर्डात दुखण्यावर डायक्लोफेनॅक, एसीक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन सर्रास देतात. या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, आमच्यासारख्यांना त्या नकोतच. माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर हे लाल अक्षरांत लिहून घेतलं होतं. तरी एका रात्री ड्यूटीवरची सिस्टर नेहमीचं इंजेक्शन घेऊन आली आणि बायकोने तिला फाईल दाखवून थांबवलं. सोबत बसणाऱ्या माणसाला ही नावं पाठ हवीत. माझं दुखणं पॅरासिटामॉल, बर्फ आणि थोड्या दिवसांच्या कमी मात्रेतल्या ट्रामाडॉलवर निभावलं. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा डोसही किडनी बघूनच ठरवला. बीपीची टेल्मिसार्टन ऑपरेशनच्या दिवशी थांबवली आणि रिपोर्ट पाहून पुन्हा सुरू केली. ट्रामाडॉलने बद्धकोष्ठ झालं तेव्हा घरातलं मिल्क ऑफ मॅग्नेशिया वापरू दिलं नाही, कारण मॅग्नेशियमही साचतं. हिमोग्लोबिन आधीच कमी होतं, तेही किडनीमुळेच. म्हणून ऑपरेशनच्या आधी शिरेतून लोह दिलं होतं. क्रिएटिनिन ऑपरेशननंतर थोडं चढलं आणि मग पूर्वीच्या जागी आलं.

खाण्याचं प्रकरण वेगळंच. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो. प्रेमाने आणतो, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि माझं आधीच वरच्या काठावर असतं, त्यामुळे शहाळी शेजारच्या मुलांना. वहिनींनी हाडांसाठी प्रोटीन पावडर आणली, तीही बाजूला ठेवली. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि किडनीला ती जास्त झाली तर जड जातात. हा हिशेब आहारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावा, तो माणसागणिक बदलतो. उत्तरायणाला बटाटा, रताळं, कंद घातलेलं उंधियू चमचाभर चाखलं. गच्चीवर मात्र कठड्याला धरून चढलो, वर जाताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा. फिरकी धरली आणि मनापासून आनंद झाला. सेव-उसळ अजून बंद आहे, मिठामुळे.

मे महिन्याने परीक्षा पाहिली. पारा चाळिशीपार गेला की घामाने पाणी जातं आणि क्रिएटिनिन लगेच वर. म्हणून कमाटीबागेत सकाळी सहाच्या आत जायचं, पाण्याची बाटली बरोबर. पाणी किती, ते नेफ्रॉलॉजिस्टनी ठरवून दिलंय. आता बागेची एक पूर्ण फेरी काठीशिवाय होते.

मांडी घालून जमिनीवर बसणं सोडलंय, लग्नाच्या पंगतीत टेबल-खुर्ची मागतो. डाव्या कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी अजून लागते. उजव्या पायात मोजा घालायला लांब दांड्याचं साधन वापरतो. खुब्याचा पुढचा एक्स-रे वर्ष झाल्यावर आहे, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी मात्र दर तीन महिन्यांनी चालूच आहे.