जाळ्यात आलेली नको असलेली मासळी पाण्यात परत सोडायची की काठावर आणायची?

नवेगावबांधच्या तलावात ढीवर बांधव जाळं ओढतात, तेव्हा बोटभर रोहू-कटला जिवंत फडफडत असते. लगेच सोडली तर जगते. तिथं सोडणंच बरोबर.

खोल समुद्रात तसं नाही. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यात दबून आलेल्या कॉड या समुद्री माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगलेली असते, बरीचशी मरतेच. पाण्यात परत फेकली की मासाही गेला आणि त्याची नोंदही! म्हणून नॉर्वेनं १९८७ मध्ये कॉड आणि हॅडॉक हे मासे समुद्रात परत फेकायला बंदी घातली. युरोपीय संघाचा नियम २०१९ पासून पूर्ण लागू झाला: पकडीची मर्यादा (कोटा) असलेल्या जातींची मासळी बंदरावर आणायची, मोजायची; ठरलेल्या किमान मापाखालची माणसाच्या खाण्यासाठी विकायची नाही. सोडल्यावर जगणाऱ्या जातींना सूट आहे, ती हवीच.

मी आणण्याच्या बाजूचा. पण बोटीवर पाहणारं कुणी नसेल तर मासळी गुपचूप पाण्यातच जाणार. मोठ्या आसाचं (छिद्रांचं) जाळं आणि बोटीवर कॅमेरा, दोन्ही बंदीसोबतच यायला हवेत.