गॅस गिझर मस्त, फिटिंगवाला मात्र बोगस

नोव्हेंबरात सिडकोतल्या घरासाठी सहा लिटरचा गॅस गिझर घेतला. पाणी झटकन गरम होतं, बादली पटकन भरते, त्याबद्दल तक्रार नाही. पण खरा किस्सा थंडी पडल्यावर झाला. निफाडचा पारा एक आकडी झाला की नाशिकमध्ये पण सकाळी दात वाजतात, तशाच एका सकाळी मी अंघोळीला आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू गॅलरीतून ओरडतायत, "अरे तुमच्या बाथरूममधून धूर येतोय!" तसाच टॉवेलवर बाहेर आलो राव.

बघतो तर खिडकीबाहेर काढलेल्या पाईपमधून पांढरे लोट. दुकानात फोन केला तर म्हणे गॅस खराब असेल. कसला खराब! एलपीजी जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, १ किलो गॅसमागे साधारण दीड किलो पाणी, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून वीसेक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर जातं, थंड हवेत ती दिसते एवढंच. नीट बघितलं तर पाईपच्या अगदी तोंडाशी काही दिसत नाही, थोडं पुढे पांढरं होतं आणि लगेच विरून जातं. दुपारी तोच गिझर लावला तर काहीच नाही. आजीच्या बंबाचा धूर आठवा, डोळे चुरचुरायचे, भिंत काळी व्हायची, यात तसलं काही नाही, ज्योत पण निळी आहे. पाईपच्या टोकाला थेंब जमतात आणि खाली भिंतीवर ओल येते, तेवढा वैताग.

आता फिटिंगवाल्याचं. पठ्ठ्या पाईप लावायलाच तयार नव्हता, "खिडकी उघडी ठेवा, काय होत नाही" म्हणे. अरे बाबा, हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास, बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरून जातो आणि कळत पण नाही. काकूंना दिसली ती वाफ निरुपद्रवी, जे दिसत नाही त्याची भीती. भांडून पाईप लावून घेतला, त्याचे पैसे वेगळे घेतले ते घेतलेच, आणि टोकाला टोपी नाहीच, ती मी नंतर भांडी बाजाराकडून आणून स्वतः बसवली. खिडकी तरीही थोडी उघडीच ठेवतो, थंडी वाजली तर वाजली.

गिझरला चार स्टार, फिटिंगला अर्धा. आणि हो, गिझर पेटवायला लागणारे बॅटरीचे सेल बॉक्समध्ये मिळत नाहीत, मोठे दोन घेऊन ठेवा.