वेब्ली मार्क ६ की एनफील्ड नंबर २: जुन्या रिव्हॉल्व्हरचा अभ्यास कुठून सुरू करायचा?

ठाणे-नवी मुंबईत जुन्या हत्यारांची आवड असलेली माणसं बऱ्यापैकी आहेत, आणि आमच्यात नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न हमखास हाच, ब्रिटिश काळातली रिव्हॉल्व्हर समजून घ्यायचीत तर वेब्लीपासून सुरू करू की एनफील्डपासून. दोन्ही सहा गोळ्यांची, दोन्ही मधून मोडून उघडणारी, लांबून बघितलं तर सख्खी भावंडंच. माझं मत आधीच सांगून टाकतो, एनफील्ड. पण वेब्लीची बाजूसुद्धा नीट मांडतो, कारण काही जणांनी खरोखर वेब्लीच आधी अभ्यासाला घ्यावी.

त्याआधी कायद्याचं. वेब्लीचं .४५५ आणि एनफील्डचं .३८० (पुढे नुसतं .३८ म्हणतो) ही दोन्ही सर्व्हिस बोअर, म्हणजे फौजेच्या मापाची, सगळे ज्याला पीबी (प्रोहिबिटेड बोअर) म्हणतात त्यात मोडतात, साध्या लायसन्सवर मिळत नाहीत. साध्या लायसन्सवर लोकांकडे .३२ असतं, कानपूरच्या सरकारी फॅक्टरीचं जे .३२ रिव्हॉल्व्हर आपल्याकडे बघायला मिळतं ते वेब्लीच्याच घडणीचं आहे. त्यामुळे वेब्ली की एनफील्ड हा विकत घेण्याचा प्रश्नच नाही, शिकायचं ते बघून, वाचून आणि मुख्य म्हणजे माहीतगार माणसांना विचारून. माझा सगळा हिशोब या विचारण्यावरच आहे.

वेब्ली

बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं मार्क १ ब्रिटिश फौजेने १८८७ साली घेतलं, आणि तिथून सुधारणा होत होत मार्क ६ आलं १९१५ साली, ऐन पहिल्या महायुद्धात. सहा इंची नळी, चौकोनी मूठ, वजन साधारण १.१ किलो. उघडायची पद्धत बघण्यासारखी आहे, घोड्याच्या (घोडा म्हणजे इथे चाप नाही, मागचा हॅमर) बाजूची खिट्टी अंगठ्याने दाबायची, नळी पुढे झुकवायची की मागून चांदणीसारखा एक्स्ट्रॅक्टर वर येतो आणि सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर फेकतो. खंदकातल्या लढाईसाठी याच्यावर लावायची प्रिचर्ड बायोनेट निघाली, सहा गोळ्या एका दमात भरायचा प्रिडो लोडर होता. आपल्याकडच्या इतिहासाशी नातं जोडायचं तर वेब्ली-फॉसबेरी बघा, दणक्याने आपोआप घोडा चढवणारं ते विचित्र सुंदर रिव्हॉल्व्हर ज्याने डिझाइन केलं तो जॉर्ज फॉसबेरी बंगाल आर्मीतला, १८६३ साली अंबेला खिंडीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला.

अभ्यासाला मटेरियल भरपूर आहे, मार्क १ ते ६ असा २८ वर्षांचा सरळ प्रवास आहे, एकेका मार्कात काय बदललं ते पायरीपायरीने कळतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे फोटोंमध्ये अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच वेब्ल्या असतात, त्यांच्या सिलिंडरची मागची बाजू घासून त्यात .४५ एसीपी हे अमेरिकन पिस्तुलाचं काडतूस बसेल असं केलेलं असतं, आणि नवशिक्याला हे कळत नाही, तो त्यालाच मूळ रूप समजतो (वर .४५ एसीपीचा दाब या जुन्या रिव्हॉल्व्हरला झेपण्यापलीकडचा, तो वेगळाच विषय). दुसरी अडचण, ज्यांनी .४५५ वेब्ली नोकरीत कमरेला लावली ती पिढी आता जवळपास संपलीय. वेब्लीबद्दल तुम्हाला जे कळेल ते बहुतेक पुस्तकातूनच.

एनफील्ड

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांना वाटलं की .४५५ फार जड, नव्या शिपायाला शिकवायला वेळ लागतो, तर २०० ग्रेनची (साधारण १३ ग्रॅम) जड गोळी घालून .३८ चालेल. वेब्लीने आपलं डिझाइन पुढे केलं, सरकारने ते एनफील्डच्या स्वतःच्या कारखान्यात नेऊन थोडे बदल केले आणि तिथेच बनवायला घेतलं. वेब्लीने २,२५० पौंड मागितले, ते नाकारले गेले आणि शेवटी १,२५० पौंडांवर समाधान मानावं लागलं. मला अजूनही वाटतं की वेब्लीवर अन्यायच झाला.

तर एनफील्ड नंबर २, पाच इंची नळी, वजन पाऊण किलोच्या आसपास. आणि इथे शिकणाऱ्यासाठी खरी मजा आहे, कारण बदल डोळ्याला दिसतात. मूळ मार्क १ च्या घोड्याला अंगठ्याने ओढायचं शेपूट आहे. १९३८ च्या मार्क १ स्टारमध्ये ते शेपूट नाही, टँकमधल्या लोकांचं म्हणणं की चढता-उतरता ते कशात तरी अडकतं, मग ते काढलं, चाप हलका व्हावा म्हणून स्प्रिंग बदलली, आणि आता फक्त चाप दाबूनच गोळी सुटणार. जुनी मार्क १ दुरुस्तीला आली की तीसुद्धा तशीच बदलून पाठवायचे, म्हणून मूळ शेपटीची आता कमी दिसतात. १९४२ ला घाईघाईत मार्क १ डबल स्टार आलं, त्यात घोड्याचा सेफ्टी स्टॉपच गाळला, पडलं तर गोळी सुटायची भीती, युद्धानंतर त्यातली बहुतेक परत घेऊन दुरुस्त केली. उजव्या बाजूला फ्रेमवर मुकुट, एनफील्ड, मार्क आणि साल असं ओळीने कोरलेलं असतं. काही पार्टवर एसएसएम सापडेल, ते सिंगर शिलाई मशीनच्या स्कॉटलंडमधल्या कारखान्यात बनलेले. घरोघरी आजीकडे जी सिंगर होती ना, तीच कंपनी.

विचारायचं कोणाला

.३८ सर्व्हिस रिव्हॉल्व्हर आपल्या पोलिसांकडे खूप वर्षं होतं, त्यामुळे ते वापरलेली माणसं आज नौपाड्यात, कळव्यात, नेरूळला, ऐरोलीला रिटायर होऊन राहताहेत. नौपाड्यातल्या एका निवृत्त फौजदार काकांना तलावपाळीवर मोबाईलवर एक फोटो दाखवला, त्यांनी झूम करून थेट घोड्याकडे बघितलं आणि हवेतच अंगठा मागे ओढून दाखवला, "इथे अंगठ्याला काही लागतच नाही बघ, सगळं बोटावर, म्हणून पहिली गोळी नेहमी खाली जायची." चाप जड असला की मनगट झुकतं हे मी वाचलेलं होतं, पण काकांच्या अंगठ्याने ते दोन सेकंदात कळलं.

प्रत्येकाचं ज्ञान वेगळं असतं हे मात्र ध्यानात ठेवा. पोलीस-फौजेतले काका वापर, होल्स्टर, साफसफाई, गोळी अडकणं हे अचूक सांगतील पण मार्क आणि साल सोडून द्या, त्यांना सगळं "अडतीस"च. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेला माणूस भेटला तर पितळ, धातू, माप यावर बोलता येतं. आणि पुस्तकं वाचून तयार झालेला शौकीन खुणा आणि सालं सांगेल, हातातला अनुभव मात्र त्याच्याकडे नसतो. अडतीस म्हटलं की लगेच विचारा कुठलं, कारण एनफील्डचं काडतूस .३८ एस अँड डब्ल्यूच्या (स्मिथ अँड वेसन) मापाचं आहे, .३८ स्पेशल त्याहून लांब आणि बारीक, दोन्ही वेगळी. वेब्लीनेही .३८ मध्ये मार्क ४ काढलं, ते एनफील्डसारखंच दिसतं पण पार्ट अदलाबदल होत नाहीत, काकांच्या आठवणीत ही दोन्ही एकत्र झालेली असू शकतात. एनफील्डला बाजूची प्लेट निघते, ते विचारलं की बऱ्याचदा आठवतं.

"घरी आहे का, दाखवा ना" असं कधीही विचारायचं नाही, आणि कोणाच्या परवान्याच्या हत्याराचा नंबर दिसेल असा फोटो पुढे पाठवायचा नाही. आजोबांच्या कपाटात काही निघालंच तर हात लावून बघत बसू नका, जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे रीतसर जमा करायची तरतूद आर्म्स अॅक्टच्या २१ व्या कलमात आहे.

वेब्ली आधी कोणी घ्यावी? ज्याला पहिलं महायुद्धच मुळात आवडतं, किंवा जो एकटाच वाचत बसणारा आहे आणि ज्याच्या ओळखीत विचारायला कोणी नाही त्याने. बाकी सगळ्यांनी आधी एनफील्डच्या तिन्ही मार्कांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून फक्त घोडा बघायला शिका, आणि ओळखीत पोलिसातले कोणी काका असतील तर तेच फोटो घेऊन याच महिन्यात भेटा, ते सत्तरी-ऐंशीत आहेत. वेब्लीची पुस्तकं नंतरही मिळतील.