लांबी (पुट्टी) भरायच्या आधी बोलावून दाखवणारं गॅरेज

अण्णांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी रत्नागिरीच्या घरामागच्या शेडमध्ये चौदा वर्षं उभी होती. खाली मातीची जमीन, वर गळका पत्रा आणि समुद्राची खारी हवा. गेल्या वर्षी ती टेम्पोत चढवून आंबा घाटाने कोल्हापूरला आणली आणि शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या गॅरेजात दिली. बाहेर पाटीसुद्धा नाही, पण जुन्या फियाट-पद्मिनीवाल्यांना ठाऊक आहे.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी 'चाळीस हजारांत चकाचक करून देतो' असं दहा मिनिटांत सांगितलं होतं. इथल्या मिस्त्रींनी आकडा सांगायची घाईच केली नाही. मॅट उचलली आणि क्लचच्या खाली स्क्रू ड्रायव्हर टोचला. भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा तो आरपार गेला, खालची फरशी दिसली. मग खिशातलं लोहचुंबक दाराखालच्या पट्टीवरून फिरवलं. वीतभर जागेत ते चिकटेचना. "ताई, इथं पत्रा न्हाई, लांबी हाय. कुणीतरी भरून वर रंग मारलाय." माझ्या पोटात खड्डाच पडला.

या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते; सगळा भार बॉडीच पेलते. फ्लोअर आणि त्या पट्ट्या सडल्या की दारं लागेनाशी होतात, जॅक लावायलाही जागा उरत नाही. मिस्त्रींनी सडका पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापला, नवे तुकडे ठोकून आकाराला आणले आणि वेल्डिंग केलं. पाणी येत होतं पुढच्या काचेच्या कडक झालेल्या रबरातून, तेही बदललं. लांबी आणि प्रायमर लावण्याआधी मला फोन केला, "एकदा येऊन बघून जावा, नंतर काय दिसायचं न्हाई." मी गेले, प्रत्येक जोडावरून हात फिरवला. या एका फोनसाठी मी हे गॅरेज कुणालाही सुचवेन.

1089 सीसीचं इंजिन जाम होतं. स्टार्टरला हात न लावता त्यांनी प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडलं, पाच दिवस तसंच ठेवलं आणि मग पुलीला पाना लावून हाताने हळूहळू फिरवलं. उलगडल्यावर रिंगा आणि बेअरिंगं बदलावी लागली, क्रँक मात्र वाचला. पेट्रोलची टाकी खाली उतरवून आत खडी घालून हलवली. बाहेर आलेलं पाणी चहासारखं लाल होतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यांचे सिलिंडर नवे बसवले.

तक्रारीही आहेत. चार महिने सांगून नऊ लागले. मधे सहा आठवडे गाडीला कुणी हात लावला नाही आणि मीच फोन करत राहिले. हिशेब वहीच्या कागदावर मिळतो. डाव्या मागच्या दाराचा रंग उन्हात किंचित वेगळा दिसतो. पार्टसाठी मुंबईच्या खेपा झाल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्यापासून तिथलाही माल आटत चालला आहे, तेव्हा बीडिंग, दिव्यांच्या काचा दिसतील तेव्हा घेऊन ठेवा.

एकूण 2,35,000 रुपये लागले, त्यातले निम्म्याहून जास्त पत्रा आणि रंगाला. आरटीओचं पासिंग आणि पर्यावरण कर वेगळा, तो गॅरेजवाले बघत नाहीत.

गाडी आणली त्या दिवशी अण्णा पुढच्या सलग सीटवर बसले, चोक ओढला, स्टीअरिंगवरचा गिअर न बघता पहिल्यात टाकला आणि रंकाळ्याला एक फेरी मारून आले. ब्रेक थोडा डावीकडे ओढतो म्हणाले. बुधवारी गाडी घेऊन या, असं मिस्त्रींनी सांगितलंय.