स्टिकरखालचे १०० व्होल्ट आणि माझे ९,६०० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाची संपेल. ९,६०० रुपये. यात १८,५०० चं यंत्र धरलेलं नाही, ते सुदैवाने चालू आहे. हे ९,६०० निव्वळ चार्जिंगच्या नावाखाली गेले. आणि मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. हसून घ्या.

यंत्र म्हणजे निन्टेंडोचं न्यू थ्रीडीएस एलएल, जपानहून आलेलं. हातात मावणारा, घडी होणारा, दोन पडद्यांचा गेम. २०२० पर्यंत या थ्रीडीएस मालिकेचं उत्पादन थांबलं, त्यामुळे आता जे मिळतं ते असंच कुणाकुणाकडून, ऑनलाइन. विक्रेता गोड बोलायचा. प्रत्येक वाक्यात ‘दादा’. म्हणाला, “दादा, जपानी बॉक्समध्ये चार्जर येतच नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.” मी शोधलं, तर ते अगदी खरं निघालं. २०१४ मध्ये हे मॉडेल जपानमध्ये आलं तेच चार्जरशिवाय. माणसाचं हे एक बोलणं खरं निघालं आणि तिथेच मी पाघळलो. पुढचं काही तपासलंच नाही. “ओरिजिनल अडॅप्टर आहे, १०० ते २४० व्होल्ट, १,८५० ला देतो, वर कन्व्हर्जन पिन फ्री.” घेतला.

आता तो क्षण. गेले दोन महिने रोज रात्री मी तिथेच जाऊन उभा राहतो.

पार्सल उघडलं. अडॅप्टर हातात घेतला. दोन चपट्या पात्यांची जपानी पिन. लेबल इंग्रजीत, स्वच्छ: इनपुट १०० ते २४० व्होल्ट, आउटपुट ४.६ व्होल्ट, ९०० मिलिअँपिअर. मी वाचलं. वाचलं, हे लक्षात घ्या, न वाचता खुपसणाऱ्यांतला मी नाही. पण त्या लेबलाचा उजवा कोपरा उचललेला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याखाली दुसरं काहीतरी छापलेलं दिसत होतं, जपानी अक्षराची एक शेपटी. मी अंगठ्याने तो कोपरा दाबून बसवला. दाबून बसवला! सोलला असता तर पाच सेकंदांत सगळं उघडं पडलं असतं. वर मनात काय आलं, तर “बिचाऱ्याने आपल्याला वाचता यावं म्हणून इंग्रजी लेबल लावलंय.” कौतुक वाटलं मला त्याचं.

पिन लावली, बोर्डात घातली, बटण दाबलं. फट्ट. एमसीबी पडला, खोलीभर सडक्या माशासारखा वास. बायको आतून म्हणाली, “अहो, काय जाळलंत?”

काय जाळलं ते आता कळतंय. जपानमध्ये घरात १०० व्होल्ट येतात, आपल्याकडे २३०. फक्त १०० साठी बनवलेल्या अडॅप्टरमध्ये वीज आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, होऊन एका कपॅसिटरमध्ये साठते. कपॅसिटर भरतो तो विजेच्या लाटेच्या उंचीला, आणि ती उंची सांगितलेल्या व्होल्टपेक्षा मोठी असते. १०० व्होल्टवर तिथे साधारण १४१ व्होल्ट बसतात, म्हणून २०० व्होल्टचा कपॅसिटर पुरतो. २३० वर तिथे सव्वातीनशे बसतात, आणि तो फुटतो. कन्व्हर्जन पिन फक्त पात्यांचा आकार बदलते. व्होल्टेजला ती हातही लावत नाही. हे वाक्य कुठेतरी लिहून चिकटवा, मीही चिकटवलंय, उशिरा.

विक्रेत्याला फोन केला. तो मुळीच गडबडला नाही. “दादा, तुमच्याकडे लाइन जास्त येते. जपानी माल नाजूक. स्टेप डाउन लावा.” स्टेप डाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा डबा, २,४००, नवा अडॅप्टर पुन्हा १,८५०. तुम्ही म्हणाल, दुसऱ्यांदा का दिले? कारण त्याचं म्हणणं ऐकायला शास्त्रीय होतं. स्टेप डाउन लावणं हा उपाय खराच आहे. आणि १८,५०० चं यंत्र चार्जरविना पडून होतं. तुमचं पडून असतं तर तुम्हीही दिले असते.

डबा आला. वर छापलेलं २०० वॅट. वजन साबणाच्या वडीएवढं. अहो, प्रॅक्टिकलला मी ट्रान्सफॉर्मर उचललेले आहेत. तेवढ्या वॅटचा खरा ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांबं, टेबलावर ठेवला की धप्प आवाज येतो. हा डबा फुंकरीने सरकत होता. मला काय वाटलं? “आता टेक्नॉलॉजी पुढे गेली असेल.” आतमध्ये फक्त लाट कापणारं सर्किट होतं, जे केस वाळवायच्या यंत्रासारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी चालतं. ते सरासरी खाली आणतं, लाटेची उंची मात्र तीनशेच्या आसपासच राहते, आणि कपॅसिटर भरतो तो उंचीला. फट्ट, भाग दोन. तेव्हा कुठे मी दोन्ही जळक्या अडॅप्टरची स्टिकरं सोलली. खाली दोन्हीवर छापलेलं: एसी १०० व्होल्ट. बस्स. पुढे ‘ते’ नाही, २४० नाही.

त्याला स्टिकरांचे फोटो पाठवले. तो म्हणाला, मदरबोर्ड उडाला असणार, ३,५०० आगाऊ पाठवा, माणूस घरी येऊन बोर्ड बदलेल, स्टिकरचं नंतर बघू. यंत्र खरंच सुरू होत नव्हतं. मी यूपीआयने पाठवले. रात्री साडेनऊला पाठवले, दहाला त्याने मला ब्लॉक केलं. आता हिशेब जुळवून बघा: १,८५०, २,४००, १,८५०, ३,५००.

एका मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराने यंत्र बघितलं, यूएसबीची केबल लावली, आणि नारिंगी दिवा लागला. बॅटरी उतरली होती, इतकंच! स्फोट अडॅप्टरच्या विजेकडच्या बाजूला झाला होता, यंत्रापर्यंत काही पोचलंच नव्हतं. पोराने पैसेही घेतले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. आउटपुटचे व्होल्ट आणि टोकाची पिन, तिच्या अधिक-उणे बाजूंसकट, जुळली आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असले की पुरे. २३० चा तसाच अडॅप्टर परदेशात वेगळा निघतो, तो मागवता आला असता.

मग तक्रार. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: “साहेब, वय काय तुमचं? गेम कुणासाठी?” मी म्हटलं, माझ्यासाठी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग ऐकवलं की माल मिळालाय, म्हणजे हा दिवाणी मामला. मी म्हटलं, ३,५०० चा कुठला माल मिळाला? तर म्हणे ते सायबरकडे. सायबरवाले म्हणाले, ओटीपी गेला नाही, लिंक दाबली नाही, तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, यात सायबर काय? बँकेत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, आधी पोलिसांचा कागद आणा. पोलीस म्हणाले, बँकेचं स्टेटमेंट शिक्का मारून आणा. शिक्का मारणारे साहेब रजेवर. सोमवारी आले, तर प्रिंटर बंद. ग्राहक तक्रारीच्या टेबलावर विचारलं, “जीएसटीचं बिल?” चोराने बिल दिलं असतं तर तो चोर कशाला म्हटला असता? पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, एवढी साधी गोष्टही त्या टेबलावर कुणी सांगितली नाही. घरी वाचून कळली. सहा चकरा, दोन अर्ध्या रजा, आणि हातात काय, तर एक पोचपावती, तीही माझं आडनाव चुकवून.

माझी एक चूक इथेही झाली. पैसे गेल्या गेल्या १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायला हवा होता. रक्कम पुढे सरकायच्या आत कळवलं तरच ती गोठवायला वाव असतो. मी तीन दिवस त्याला मेसेज करत बसलो, “भाऊ, असं करू नका.” भाऊ!

आणि हो, आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक असतो, ‘आर’ने सुरू होणारा. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतो. बाहेरून आलेल्या जुन्या मालावर तो नसणारच, तेव्हा तिथे ‘इनपुट’ची ओळ वाचा, स्टिकर दिसलं तर नख घाला, विकणाऱ्याला काय वाटेल याचा विचार करू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. माझ्याकडे नव्हता, आणि ते पहिल्याच टेबलावर विचारलं गेलं.

परवा तो विक्रेता नव्या नावाने दिसला. भाव २,१००, फोटो तोच, माझ्या पहिल्या अडॅप्टरचा, उचललेल्या कोपऱ्यासकट. मी खाली लिहिलं, “कोपरा सोलून दाखवा.” दहा मिनिटांत कॉमेंट उडाली आणि तिथूनही मी ब्लॉक.